डिजिटल जुळं घ्या, पण मुकं बघून घ्या

बांधकाम लाईनीत आहात आणि अजून डिजिटल ट्विन, म्हणजे खऱ्या बिल्डिंगचं कॉम्प्युटरातलं जुळं, घेतलं नाही? मग उद्या टेंडरात तो शब्द आला की काय करणार, मान खाली घालून बसणार? अहो 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत आपलं बेळगाव होतं, आता मागं राहून चालत नाही.

तसं बघितलं तर जुळं आपल्याला नवीन नाहीच. पास झालेला प्लॅन एक आणि जागेवर उभी राहिलेली बिल्डिंग दुसरी, मेजरमेंट बुकातली खडी एक आणि ट्रकातून उतरलेली दुसरी, टेस्टिंगला पाठवायचे काँक्रीटचे क्यूब जादा सिमेंट घालून वेगळे भरायचे आणि कॉलम वेगळा, ही सगळी एकाच आईची लेकरं की, फक्त तोंडं मिळत नाहीत एवढंच. परदेशातल्या लोकांची अडचण अशी की त्यांना दोन्ही सारखीच लागतात. 1970 ला अपोलो 13 ची ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा यान तीन लाख किलोमीटरांहून लांब होतं, नासावाल्यांनी जमिनीवरच्या सिम्युलेटरवर तीच परिस्थिती उभी करून उपाय तपासले आणि माणसं जिवंत परत आणली. आपला स्लॅब वडगावात आणि आपण शेजारच्या शहापुरात, तरी आत सळईखाली कव्हर ब्लॉक घातले की खडीचे तुकडे ते देवाला आणि सळई बांधणाऱ्या बार बेंडरला माहीत.

म्हणून सांगतो, जुळं घ्या पण बोलणारं घेऊ नका. खऱ्या ट्विनमध्ये सेन्सर असतात, साईटवरून माहिती आपोआप मॉडेलात येते आणि मॉडेलाकडून उलट साईटवर हुकूम जातो. एकाच बाजूनं माहिती आली तर तिला नुसती डिजिटल सावली म्हणतात, आणि काहीच येत नसेल तर ते फक्त थ्रीडी चित्र. तुम्ही तिसरं घ्यायचं आणि नाव पहिलं सांगायचं. चित्रात बंगल्यापुढं ताडाची झाडं आणि परदेशी गाडी असली की पार्टी पुढचं विचारत नाही.

सॉफ्टवेअरच्या लायसनचे पैसे दरवर्षी भरायला लागतात, ते पहिल्या वर्षी भरा, पुढं उद्घाटन झालेलं असतं. चालवायला एक पोरगा ठेवा, पगार सेंट्रिंगवाल्यापेक्षा कमी द्या, सहा महिन्यांत बेंगळुरूला पळतो आणि पासवर्ड पण घेऊन जातो, म्हणजे डेटा एकदम सेफ. भाषेचं टेन्शन नको, स्क्रीन इंग्रजीत, बोर्ड कन्नडात, मेस्त्री मराठी आणि सळई बांधणारी टोळी बिहारची, कुणालाच सगळं कळत नाही त्यामुळं भांडण होत नाही. (सीमाप्रश्न एवढ्या सोप्यानं कुणी सोडवला असता काय!)

पाण्याचं मात्र सांभाळा. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर आयएस 456 हा काँक्रीटचा सरकारी कोड कमीत कमी 10 दिवस पाणी मारा म्हणतं, बोलणारं जुळं असलं तर चौथ्या दिवशीच बोंब मारणार की गोणपाट वाळलंय, आणि तेही बिलाच्या दिवशी. असलं पोरगं घरात कशाला?

आमच्या एका साईटवर हौसेनं टेम्परेचर सेन्सर आणला होता. काँक्रीट सेट होताना आतून गरम होतं, तो ताप किती आणि किती वेळ चढला यावरून ताकदीचा अंदाज येतो, फॉर्मे, म्हणजे सेंट्रिंगचे साचे, कधी काढायचे ते ठरवता येतं, खरंच कामाची गोष्ट आहे. तर स्लॅब भरून तीन दिवस झाले, मोबाइलवर 27 डिग्री, ना वर ना खाली, रेघ कशी पट्टीनं मारल्यागत सरळ. बेंगळुरूच्या कन्सल्टंटनं रिमार्क टाकला, व्हेरी स्टेबल. आम्ही त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर पण टाकला, अंगठे आले भरपूर.

मेस्त्री पाईप घेऊन वर पाणी मारत होता. म्हणाला, "साहेब, मोबाइलात काय बघूलाय, हात लावून बघा की, भाकरी भाजंल एवढं तापलंय."

सेन्सर साईट ऑफिसात टेबलाखाली सापडला, डब्याच्या पिशवीत. स्लॅबात वायरीचं नुसतं टोक होतं.

रिपोर्ट पास झाला होता, म्हणून आम्ही तो तिथंच राहू दिला.