सोबरावला पूल तुटला म्हणून हार झाली?

"सोबरावला खालसा फौज जिंकतच होती, तेज सिंगाने सतलजवरचा पूल तोडला आणि घात झाला," असा मजकूर पहिल्या इंग्रज-शीख युद्धातल्या, सतलजकाठच्या या लढाईबद्दल पुन्हापुन्हा फिरतो. फितुरी खोटी नाही. शीख दरबाराचा वजीर लाल सिंग याचे फिरोजपूरच्या इंग्रज अधिकाऱ्याशी संधान होते, आणि शीख सेनापती तेज सिंग हल्ला सुरू होताच नदीपार झाला. पण पुढचा निष्कर्ष टिकत नाही.

आधी पुलाचे पाहू. १० फेब्रुवारी १८४६ ला शिखांचा तट फुटला, मग माणसे पुलाकडे धावली. पूल नावांचा होता; त्यातली एखादी होडी मुद्दाम काढली होती की भाराने पूल मोडला, हा वाद आहे. काहीही धरा, क्रम तोच राहतो. पुलामुळे आणि चढलेल्या पाण्यामुळे हजारो मेले. लढाई त्याआधीच हातची गेली होती.

ती गेली जागेमुळे. दोन्ही टोके नदीला टेकलेला मातीचा तट, पाठीशी सतलज, परतायला नावांचा एकच पूल. उजव्या टोकाला भुसभुशीत वाळू. तिथे उंच तट उभा राहीना, जड तोफा बसेनात, म्हणून जंबुरके ठेवली. उंटावरची ही हलकी तोफ चालून येणारी पलटण एकटी थोपवू शकत नाही. इंग्रज सेनानी डिकची डिव्हिजन नेमकी तिथे घुसली. तिला मागे रेटायला शिखांनी मधली माणसे हलवली आणि मधली फळी विरळ झाली. तिथे तट सर्वांत उंच, आणि तिथे चालून आलेल्या इंग्रज सेनानी गिल्बर्टच्या शिपायांकडे शिड्या नाहीत. मागे फेकले गेल्यावर ते एकमेकांच्या खांद्यांवर चढून आत उतरले. शत्रू एकदा आत आला की बाहेर तोंड केलेल्या तोफांचा काय उपयोग?

"इंग्रजांच्या तोफांनी निकाल लावला" हेही चूक. धुके निवळल्यावर सुरू झालेला मारा दोनेक तासांत थंडावला, कारण जड तोफांचा दारूगोळाच संपत आला. पुढचे काम संगिनीचे. म्हणूनच इंग्रजांकडे ३२० ठार आणि दोन हजारांवर जखमी. तोफांनी जिंकलेली लढाई ती गुजरातची (पंजाबातल्या), २१ फेब्रुवारी १८४९ ची. लोक दोन्हींची सरमिसळ करतात.

आणि पंजाब त्या दिवशी गेला नाही. ९ मार्च १८४६ च्या लाहोर तहात जालंदर दोआब गेला, दीड कोटींची खंडणी बसली. शीख महाराजा दलीप सिंगाची गादी राहिली. इंग्रजांनी राज्य गिळले ते मार्च १८४९ मध्ये. लाल सिंगाला मात्र इंग्रजांनीच १८४६ च्या अखेरीस, काश्मीर गुलाब सिंगाच्या ताब्यात देण्याला छुपा विरोध केल्याच्या प्रकरणात दोषी धरून, वजिरीवरून काढले.