बाटलीत दोन चमचे सिरियल, आणि रात्रभर झोप?

"तीन महिन्यांचं बाळ रात्रभर झोपलंच पाहिजे. झोपत नसेल तर शेवटच्या बाटलीत दोन चमचे सिरियल (बाळांसाठीची धान्याची पूड) घाला, दिवसाची झोप तोडा आणि पालथं झोपवा." हा मेसेज मला या महिन्यात चौघांनी पाठवला. चौघंही मायेची माणसं, पण मेसेज ओळीओळीला चुकलाय.

आधी पालथं झोपवण्याचं, कारण बाकीच्या सल्ल्यांपेक्षा हा जिवावर बेतू शकतो. पालथं बाळ जास्त गाढ झोपतं हे खरंच आहे. धोकाही तिथेच आहे. श्वास अडला तर त्याला चटकन जाग यायला हवी, ती येत नाही. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा पहिलं वर्षभर उताणंच, सपाट, घट्ट गादीवर. उशी, दुलई, मऊ खेळणी काही नको.

आता सिरियल. पोट भरलं की झोप लागते, हा तर्क पटकन पटतो. १९८९ साली तो शंभरेक बाळांवर तपासला गेला: काहींना पाचव्या आठवड्यापासून झोपण्याआधी सिरियल, काहींना चार महिन्यांनंतर. रात्रीच्या झोपेत फरक पडला नाही. पुढे एका ब्रिटिश अभ्यासात तिसऱ्या महिन्यापासून वरचं अन्न दिलेली बाळं थोडी जास्त झोपली, हेही सांगायला हवं. किती? फार तर सतरा मिनिटं! आणि बाटलीतल्या घट्ट दुधाने ठसका लागतो, तो वेगळाच.

दिवसाची झोप तोडून बाळ दमतं, किरकिरतं आणि रात्री आणखी उशिरा झोपतं. यावर जास्त काय बोलायचं?

उरलं "झोपलंच पाहिजे". कॅनडात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांची ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती, वर्षाची झाल्यावरही २८ टक्के. त्यांच्या वाढीत काही उणं आढळलं नाही.

बाळाची झोप साधारण तासाभराच्या टप्प्यांची असते आणि टप्पा बदलताना ते चुळबुळतं. माझी लेक रात्री एकला मूठ नाकावर घासायची, कण्हायची, ओठ हलवायची, डोळे मात्र मिटलेले. मी लगेच उचलायचे आणि मीच तिला जागं करायचे. एकदा चष्मा सापडेना म्हणून दोन मिनिटं उशीर झाला, तर ही परत झोपलेली. अडीचला खरंच भूक लागली, तेव्हा तिने असा भोंगा लावला की चष्मा न शोधताच उचललं.