एक वर्ष बघू, मग ठरवू

८ मार्च आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'पहिल्या महिलां'ची यादी फिरते. पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक, पहिली अमकी. दरवर्षी तीच, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसकट. त्यात कमला सोहोनींपुढे लिहिलेलं असतं, 'विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री'. (वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना मिशिगनची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळाली होती. असो. पहिला नंबर कुणाचा, यात मला फारसा रस नाही.)

मला रस आहे तो त्यांच्या बंगळूरच्या पहिल्या वर्षात.

कमला सोहोनी म्हणजे माहेरच्या कमला भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. वडील आणि काका दोघंही बंगळूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स'मध्ये शिकलेले. १९३३ साली हिनं तिथंच अर्ज केला आणि तो नाकारला गेला. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेलला तीनच वर्षं झालेली. मुलगी आहे, एवढं कारण पुरलं. पोरगी थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हटली नाही.

मग प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. मार्गदर्शकाचं समाधान झालं तरच काम मान्य. आणि तिच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. लक्ष त्यांचं, जबाबदारी हिची!

वर्ष सरलं, रामन यांचं समाधान झालं, पुढं इतर मुलींनाही दार उघडलं. कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींमधल्या 'सायटोक्रोम सी' या, पेशीला ऊर्जा मिळवायला मदत करणाऱ्या प्रथिनावर काम करून १९३९ साली पीएच.डी. घेऊन परतल्या. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. आमच्याकडे ऋणनिर्देश आणि प्रस्तावनेतच तेवढी संपतात.

सगळे केंब्रिजचं कौतुक करतात. मी मात्र त्या एका वर्षाशी अडते. कारण मीही ते काढलंय. तिसेक वर्षांपूर्वी एका कॉलेजात मुलाखतीला गेले, तर विषयावर दोन प्रश्न आणि लग्नावर चार. शेवटी, "एक वर्ष टेंपररी बघू, मग ठरवू." त्याच दिवशी, त्याच विषयाला माझ्याबरोबरचा मुलगा कायम झाला. त्याला कुणी 'बघितलं' नाही. चिडले, पण घरी येऊन आईला पेढेच दिले.

म्हणून नकारापेक्षा मला अटींची जास्त चीड येते. नकाराशी निदान भांडता तरी येतं. अटींवर आत घेतलं की वर उपकार मानायचे.

आणि दार उघडलं म्हणजे झालं, असंही नाही. पुढं रामन यांच्याच प्रयोगशाळेत अ‍ॅना मणींनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर संशोधन केलं. १९४५ साली प्रबंध सादर केला. एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं पदवी दिली नाही. मग त्या हवामान खात्यात गेल्या, पुण्यात उपकरणांवर काम केलं, खात्याच्या उपमहासंचालक झाल्या. नावापुढे डॉक्टर काही लागलं नाही. आमच्या ग्रुपच्या यादीतही त्या नाहीत.

त्यांचा तो प्रबंध बंगळूरच्या रामन इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहे. इतरांच्या प्रबंधांसारखाच, नीट बांधलेला.