ईटीपीच्या गाळात सोनं कमी, चुनाच जास्त

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आठवड्यात तीनदा आलं. मजकूर थोडक्यात असा: कारखान्यांच्या ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) गाळात सोनं-निकेल खच्चून असतं, जपानवाले ते काढतातही, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत हा गाळ फुकट मिळतो, ॲसिडमध्ये विरघळवा आणि घरबसल्या कमवा, कचराच तो, परवाना कसला! भाच्याने लगेच विचारलं, "मामा, तू याच लाइनमध्ये आहेस ना, करूया का?" मी प्लेटिंगच्या (वस्तूवर धातूचा मुलामा चढवण्याच्या) जॉबवर्कवाल्यांचे ईटीपी सांभाळतो, म्हणून हे लिहितोय.

जपानची गोष्ट खरी आहे. नागानोमधल्या सुवा इथे सांडपाण्याचा गाळ जाळून उरलेल्या राखेत टनाला १,८९० ग्रॅम सोनं निघाल्याची बातमी २००९ साली आली होती. पण ती राख होती, ओला गाळ नव्हे. आणि तिथे आजूबाजूला सोनं वापरणारे सूक्ष्म उपकरणांचे कारखाने आहेत. आमच्याकडे बोल्टवर झिंक चढतं आणि नळावर निकेल-क्रोम. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

निकेल मात्र असतं, ते नाकारत नाही. पण गाळ होतो कसा ते बघा. क्रोमचं पिवळं पाणी ॲसिडने पीएच २-३ वर आणायचं, मेटाबायसल्फाइट टाकायचं, ते हिरवं झालं की बाकीच्या पाण्यात मिसळून चुना द्यायचा. निकेल, झिंक, लोखंड, क्रोम सगळं एकत्र खाली बसतं. गाळ दाबून पाणी काढणारा फिल्टर प्रेस उघडला की दाबलेल्या गाळाचा हिरवट-करडा केक ओल्या शाडूसारखा कापडाला चिकटलेला असतो, उलथन्याने खरवडावा लागतो. कोरडा वाटला तरी त्यात निम्म्याहून जास्त पाणीच.

आता भाच्याला मांडून दाखवलेला हिशेब. समजा एक टन केक, ७० टक्के पाणी. उरला ३०० किलो माल. त्यात निकेल तीन टक्के धरलं तर ९ किलो. निम्मा माल न वापरला गेलेला चुना धरा, म्हणजे १५० किलो. ॲसिड आधी हा चुना खातं: नुसत्या त्याच्यासाठीच जवळपास २०० किलो सल्फ्युरिक ॲसिड, आणि तयार होतं सुमारे ३५० किलो जिप्सम. म्हणजे ९ किलो निकेलच्या मागे लागून सुरुवातीच्या कोरड्या मालापेक्षा जास्त कचरा, तोही निकेल-क्रोम चिकटलेला. शिवाय निकेलबरोबर लोखंड आणि क्रोमही विरघळतं, ते वेगळं करायचं काम पुढे उभंच.

आणि हे "घरबसल्या" लिहिणाऱ्याला माझा नमस्कार. झिंकचा बाथ (ज्यात बुडवून मुलामा चढवतात ते द्रावण) सायनाइडचा असेल आणि त्याच्या पाण्याला हायपो (सायनाइड मोडणारं सोडियम हायपोक्लोराइट) नीट दिलेला नसेल, तर गाळात सायनाइड राहतं. त्यावर ॲसिड ओतलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. बंद खोलीत माणूस मरायला वेळ लागत नाही.

फुकट का मिळतो? कारण कारखानदाराला तो लँडफिलला पाठवायचे पैसे पडतात. तुम्ही नेलात तर त्याचीच बचत!

परवान्याचं दोन ओळींत सांगतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांत ईटीपीचा रासायनिक गाळ पहिल्या अनुसूचीत ३५.३ क्रमांकावर आहे. तो पाठवायला फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (सोबतचा नोंदीचा कागद) लागतं, घ्यायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी. टेम्पो पकडला गेला तर "कचराच आहे साहेब" चालत नाही.

निकेल वाचवायचंच असेल तर ते गाळात जायच्या आधी. निकेलच्या बाथमध्ये लिटरला २४०-३०० ग्रॅम निकेल सल्फेट असतं. जॉब (मुलामा चढवायची वस्तू) वर उचलला की ते थेंबाथेंबाने पुढच्या पाण्यात जातं. भाच्याला मी एका गिऱ्हाइकाकडे नेलं. तिथे बाथनंतरची पहिली टाकी साचतं पाणी ठेवणारी आहे आणि जॉबचा रॅक बाथवरच दहा सेकंद जास्त निथळू देतात. त्या टाकीतलं पोपटी पाणी रोज संध्याकाळी मगाने परत बाथमध्ये जातं, कारण गरम बाथमधलं पाणी तोवर वाफ होऊन घटलेलं असतं. भाचा म्हणाला, "एवढंच?"