उजेड दिसला म्हणजे वाहिनी मोजली असे नव्हे

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मराठी संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: पेशीपटलातील आयन वाहिन्यांचे, म्हणजे विद्युतभारित कणांना आत-बाहेर जाऊ देणाऱ्या प्रथिनांच्या दारांचे, कार्य मोजायला आता पॅच क्लॅम्पची, म्हणजे पटलाला काचेची बारीक पिपेट चिकटवून त्यांतून जाणारा विद्युतप्रवाह मोजण्याच्या पद्धतीची, गरज उरलेली नाही, फ्लुओरेसन्स, म्हणजेच अनुस्फुरण, देणारे रंगद्रव्य पेशीत सोडले की पुरे, उजेड जितका जास्त तितक्या वाहिन्या अधिक उघड्या, आणि यात पेशीला कसलाही धक्का लागत नाही. पदवीच्या वर्गाला हा विषय शिकवताना हाच मजकूर एका विद्यार्थ्याच्या प्रकल्प अहवालात जसाच्या तसा उतरलेला सापडला, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

उजेडाचे विधान आधी घेतो, कारण बाकीचा सारा डोलारा त्यावरच उभा आहे. ते मुळातच सरसकट खरे नाही. क्लोराइडसाठी वापरले जाणारे ल्युसिजेनिन हे रंगद्रव्य क्लोराइडच्या संपर्कात मंद होते. म्हणजे वाहिन्या उघडून क्लोराइड आत शिरू लागला की उजेड वाढत नाही, मावळतो. रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेले फ्युरा-२ तर एकाच वेळी दोन्ही गोष्टी दाखवते: ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उद्दीपित केल्यास कॅल्शियम वाढताना त्याचा उजेड वाढतो, ३८० ने केल्यास घटतो, आणि संशोधक या दोहोंचे गुणोत्तर घेतात. रंगद्रव्य कुठे दाट, कुठे विरळ पसरले असेल, तरी गुणोत्तरामुळे तो फरक बराचसा निघून जातो. नुसता उजेड पाहणाऱ्याला ही सोय नाही.

जिथे उजेड खरोखर वाढतो, तिथेही तो वाहिनीचा नसून पेशीत साठलेल्या आयनांचा असतो. पावसाळ्यात राकसकोप जलाशयाची पातळी बेळगावकर रोज पाहतात; परंतु पातळीवरून साठा कळतो, मार्कंडेय नदीतून येणारा ओघ कळत नाही, कारण त्याच वेळी शहराकडे पाणी सोडलेलेही असते. पेशीतही तसेच आहे. विश्रांत अवस्थेत आतले कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर (द्रावणातील प्रमाणाचे एकक) असते, बाहेरचे त्याच्या जवळपास दहा हजार पट, आणि वाहिनीतून आत येणारे कॅल्शियम पेशीचे पंप सतत उपसत असतात. शिवाय आंतर्द्रव्य जालिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या पटलांच्या जाळ्यात, दडलेला कॅल्शियमचा साठा मोकळा झाला, तर पेशीपटलातील एकही वाहिनी न उघडता पेशी उजळू शकते; बाहेरच्या द्रावणातले कॅल्शियम काढून प्रयोग पुन्हा केल्याशिवाय हा फरक लक्षात येत नाही. फ्लुओ-४ सारखे रंगद्रव्य सुमारे ३४५ नॅनोमोलरला निम्मे भरते आणि त्याच्या दहापट कॅल्शियमला ९० टक्क्यांहून अधिक. त्यापुढे वाहिन्या दुप्पट उघडल्या तरी चित्र जवळजवळ तेच राहते.

पॅच क्लॅम्प कालबाह्य झाल्याचे विधान मला सर्वांत घातक वाटते. एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये एकेका वाहिनीचा प्रवाह नोंदवून दाखवला आणि १९९१ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. एक पिकोॲम्पिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख मूलभूत विद्युतभार. एवढा सूक्ष्म प्रवाह थेट मोजताना पटलावरील विद्युतदाबही आपल्याला हवा तेवढा धरून ठेवता येतो. रंगद्रव्याला दाब धरून ठेवता येत नाही. हृदयातील हर्ग या पोटॅशियम वाहिनीचे उघडणे-मिटणे दाबावरच अवलंबून असते, आणि ती बंद पाडणारे टर्फेनाडीन हे ॲलर्जीवरील औषध हृदयाची लय बिघडवते म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेत बाजारातून हटवावे लागले. त्यामुळे नव्या औषधाचा हर्गवरील परिणाम प्रवाह मोजूनच तपासला जातो. हजारो संयुगांची पहिली चाळणी मात्र उजेडावर लावता येते: पोटॅशियमऐवजी थॅलियमचे आयन त्याच वाहिन्यांतून आत सोडतात आणि थॅलियमला प्रतिसाद देणारे रंगद्रव्य उजळते.

रंगद्रव्य निरुपद्रवी असल्याचे म्हणणे थोडक्यात निकालात निघते. कॅल्शियमसाठीचे रंगद्रव्य कॅल्शियमला धरून ठेवल्याशिवाय त्याची खूणच देत नाही. म्हणजे जे मोजायचे, तेच ते काही अंशी शोषून घेते आणि जास्त घातल्यास कॅल्शियमचा चढउतार बोथट करते. उद्दीपनाच्या प्रखर प्रकाशाने रंगद्रव्य विरते आणि पेशीलाही इजा होते.

संदेशातले एक मात्र मान्य करायला हवे. पिपेट लावणे अवघड जावे इतक्या लहान मेदपुटिकांत, म्हणजे मेदाच्या पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांत, शुद्ध केलेली वाहिनी बसवली, तर तिचे कार्य पाहायला अनुस्फुरणच हाताशी असते; तिथे आत प्रोटॉन शिरले की मंद होणारे एसीएमए हे रंगद्रव्य वापरतात. पुटिकेतून पोटॅशियम बाहेर पडला की विद्युतभाराची भरपाई म्हणून प्रोटॉन आत येतात, अर्थात त्यांना वाट देणारे संयुग आधी घातलेले असेल तर, आणि वाहिनी चालू असल्याची खूण म्हणजे त्या रंगद्रव्याचा उजेड कमी होतो.