उशिराचा दंड काढला की पुस्तकं परत येत नाहीत, हे खरं नाही

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला. आशय असा: अमेरिकेतल्या मोठ्या शहरांनी ग्रंथालयातला उशिराचा दंड रद्द केला, आता लोक पुस्तकं घरीच ठेवतील, ग्रंथालयांचं उत्पन्न बुडेल, मुलांची शिस्त जाईल आणि वेळेत पुस्तक आणून देणारा प्रामाणिक वाचक मूर्ख ठरेल. शेवटी सल्ला, ‘आपल्याकडे ही थेरं नकोत.’ पाठवणाऱ्यांत दोघे ग्रंथपाल होते, म्हणून हे उत्तर. मी अकरा वर्षं एका तालुक्याच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसलो आहे आणि दंडाच्या पावत्या याच हाताने फाडल्या आहेत.

आधी पुस्तकांचं बघू. त्या मजकुरात एक गोष्ट सांगितलेलीच नाही. दंड रद्द झाला म्हणजे पुस्तक माफ झालं, असं कुठेही झालेलं नाही. न्यूयॉर्कमध्ये 5 ऑक्टोबर 2021 पासून उशिराचा दंड बंद झाला, पण पुस्तक महिनाभर उशीर होऊनही आलं नाही तर ते गहाळ धरतात आणि त्याची किंमत वाचकाच्या नावावर लावतात. पुस्तक आणून दिलं की ती रक्कम निघून जाते. म्हणजे वाचक नुसत्या पुस्तकाला बांधलेला राहतो, रोज वाढणाऱ्या आकड्याला नाही.

शिकागोने ऑक्टोबर 2019 पासून दंड काढला आणि जुनी थकबाकीही माफ केली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत परत येणाऱ्या थकलेल्या पुस्तकांत 240 टक्के वाढ झाल्याचं तिथल्या ग्रंथालयाने सांगितलं. हा आकडा मी जपून वापरतो, कारण ही माफीनंतरची पहिली लाट आहे, कायमचा वेग नव्हे. पण ‘दंड गेला की पुस्तकं गेली’ म्हणणाऱ्याला तेवढ्यानेच उत्तर मिळतं. ती पुस्तकं लोकांच्या घरात होती आणि दंड होता तोवर ती बाहेर निघत नव्हती.

असं का होतं, ते मी टेबलावर बसून पाहिलं आहे. पहिल्या दोन-चार दिवसांत दंडाची आठवण वाचकाला घाईने ग्रंथालयात आणते, हे खरं. पण महिना उलटला की तोच दंड त्याला दारापासून परत पाठवतो. एका दुपारी एक बाई आल्या. किराणाच्या पिशवीत गुंडाळलेलं मुलाचं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं आणि बसायच्या आत विचारलं, “किती झाला?” मी मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर बोट ठेवून मोजलं. चौसष्ट दिवस, दिवसाला रुपया. त्यांच्या मुठीत पन्नासची एक नोट होती, चार घड्या घातलेली. त्यांनी ती उघडली, पुन्हा मिटली आणि म्हणाल्या, “दादा, त्याचं नावच काढून टाका. अनामतीतून कापून घ्या.” मी नियमाप्रमाणे नाव काढलं. मुलगा सातवीत होता. पुस्तक आलं, दंड वसूल झाला, वहीत सगळं जुळलं आणि वाचक गेला. ती नोंद मी केली याचं मला आजही वाईट वाटतं.

आता उत्पन्नाचं. सॅन डिएगो शहराने हिशेब मांडला तेव्हा दिसलं की वर्षाला सुमारे 6 लाख 75 हजार डॉलरचा दंड गोळा करायला कर्मचाऱ्यांचा जो वेळ जातो, त्याची किंमत जवळपास 10 लाख डॉलर आहे. 2018 मध्ये त्यांनी दंड बंद केला. आपल्याकडे असा हिशेब कुणी मांडत नाही. आठ रुपयांची पावती फाडायची, रोजकीर्दीला चढवायची, महिनाअखेर बेरीज जमत नाही म्हणून दोन रुपये शोधत बसायचं, आणि लेखापरीक्षणात त्याच रकान्यावर शेरा घ्यायचा. तेवढ्या वेळात दहा वाचकांना फोन झाले असते.

‘दोन-पाच रुपये कोणालाही परवडतात’ हे वाक्य त्या मजकुरात फार सहज येऊन जातं, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचाच येतो. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या पुस्तकाला दिवसाला 10 सेंट दंड होता. ऐकायला काहीच नाही. पण एखाद्या आईने तीन मुलांसाठी दहा चित्रपुस्तकं नेली आणि पंधरा दिवस उशीर झाला, तर 15 डॉलर होतात, आणि 15 डॉलरला तिथे कार्ड बंद व्हायचं. दंड रद्द झाला तेव्हा शहरात सुमारे 4 लाख कार्डं अशी बंद होती, त्यातली निम्म्याहून अधिक गरजू वस्त्यांतली. त्याआधी 2017 मध्ये फक्त मुलांची थकबाकी माफ केली, तर दीड लाखाहून जास्त मुलांची कार्डं मोकळी झाली. शिकागोत दक्षिण भागात तीनपैकी एका कार्डधारकाला पुस्तक नेता येत नव्हतं, उत्तर भागात सहापैकी एकाला. बंद कार्डांतलं प्रत्येक पाचवं कार्ड चौदा वर्षांखालच्या मुलाचं होतं.

दक्षिणेतले लोक उत्तरेतल्यांच्या दुप्पट बेशिस्त असतात, असं कोणाला म्हणायचं आहे का? उशीर दोन्हीकडे होतो. एकीकडे पैसे भरून विषय संपतो, दुसरीकडे कार्ड संपतं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला दंडाने शिस्तही लागत नाही. तो उशिराचं भाडं भरतो आणि पुस्तक आणखी आठवडाभर ठेवतो. असे वाचक आमच्याकडेही होते, आणि त्यांना कोणी बेशिस्त म्हटलं नाही.

प्रामाणिक वाचकावर अन्याय होतो, या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. पुस्तकासाठी दुसरा कोणी थांबला असेल तर उशिराचा त्रास त्यालाच होतो. आमच्याकडे दिवाळी अंकांच्या दिवसांत हे रोज दिसायचं: एकच प्रत, मागणारे बारा, आणि अंक एकाच घरी तीन आठवडे. पण दंडाचे वीस रुपये त्या बारा जणांपैकी कोणाला मिळाले? त्यांना अंक हवा होता. त्यासाठी साधे उपाय आहेत. आधीचं आल्याशिवाय पुढचं पुस्तक द्यायचं नाही, मागणी नसेल तर मुदत फोनवर वाढवून द्यायची, मागणी असेल तर वाढवायची नाही. शिकागोत मुदत आपोआप वाढते, पण त्या पुस्तकासाठी कोणी नंबर लावलेला असेल तर नाही. नियम तिथेही आहे, फक्त त्याला पैशाची अट नाही.

आपली परिस्थिती तशीच आहे असं मी म्हणत नाही. त्या ग्रंथालयांना शहर पैसा देतं. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा असला तरी ग्रंथालय कर नाही. बहुतेक ग्रंथालयं संस्थांची आहेत आणि शासनाच्या अनुदानावर व वर्गणीवर चालतात. अनुदान लांबलं की वीजबिलाचीही ओढाताण होते, तिथे कार्यकारिणी दंडाचे दोन-तीन हजार सोडायला कचरणार, हे मला कळतं. म्हणून मी आमच्या संस्थेला एवढंच लिहून दिलं आहे: अठरा वर्षांखालच्या सभासदांना एक वर्ष दंड नाही, जुनी थकबाकी माफ, आणि दंडापायी ज्यांची नावं काढली त्या मुलांच्या घरी पत्र. यादी माझ्याकडे आहे, जुन्या नोंदवहीतून उतरवून काढली आहे. एकतीस नावं आहेत. पत्रं मी स्वतः हाताने नेऊन देईन.