माझं प्रेशर आणि आजीची अब्रू

मंगळवारपासून माझ्या ताटात मीठ नाही. गुन्हा काय, तर मी दवाखान्यात खरं बोललो.

आजीला डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी हवी होती, म्हणून तिला घेऊन गेलो. सव्वादहाची वेळ दिली होती. अकरा वाजून गेले तेव्हा कुठे आमचा नंबर आला. आतला पेशंट बाहेर पडतोय, मी आजीला हात देऊन उठवतोय, तेवढ्यात एक म्हातारा थेट दाराशी. पायात सपाता, एका मुठीत सूर्यफुलाच्या बियांची पुडी, दुसरा हात दाराच्या मुठीवर. आमच्याकडे न बघताच म्हणाला, "रक शेएला." म्हणजे फक्त एक प्रश्न.

इस्रायलमध्ये राहिलेल्यांना हे दोन शब्द वेगळे सांगायला नकोत. या दोन शब्दांवर माणूस कुठल्याही रांगेत कुठेही घुसू शकतो.

मी म्हटलं, "काका, आम्हालाही प्रश्नच आहेत. म्हणूनच तासभर बसलोय."

"तुमचे मोठे असतील. माझा छोटा आहे."

"मग रांगेत बसा. छोटा प्रश्न बसल्याने मोठा होत नाही."

त्याने एक बी फोडली, साल तळहातावर काढून ठेवली आणि मास्तर पोराला गणित समजावतो तशा शांतपणे म्हणाला, "हे बघ. रांगेत असलेला माणूस पुढे सरकला, तर तो घुसला. बरोबर? मी रांगेत आहे का? नाही. मग घुसलो कसा?"

मी क्षणभर विचारात पडलो, हे कबूल करतो. समोर शब्दकोडं सोडवत बसलेली रशियन बाई पेन्सिल थांबवून म्हणाली, "मुद्दा आहे." मग माझा आवाज चढला. "आम्ही काय अलिबागहून आलोय?" हे हिब्रूत कसं म्हणायचं याची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात लक्षात आलं, आम्ही खरोखरच अलिबागहून आलोय. आजीचं माहेर रेवदंडा, सासर अलिबाग. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून कोकणात पडलेलं नाव.

"खाली बस मेल्या!" आजी गरजली. मराठीत. "चार माणसांत हातवारे करतोस? जनाची नाही तर मनाची तरी ठेव. बापाने शाळेत घातला होता की बाजारात?"

आजीचा एक ठाम समज आहे: मराठीत ओरडलं की ते घरातल्या घरात राहतं. आमच्या या दिमोना गावात! इथे अर्ध्या गल्ल्यांतून दुपारी वालाच्या बिरड्याचा वास येतो. शेजारच्या बाकावरची मावशी लगेच म्हणालीच, "अहो, पोरगा बरोबर बोलतोय की." झालं. आजीचा चेहरा पडला. मी भांडलो त्याचं एवढं नव्हतं. पण मावशीने ऐकलं, म्हणजे शनिवारपर्यंत मशिदीत सगळ्यांना कळणार. (आमची जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतात. नव्या वाचकांनी दचकू नये.)

मग तिने काय करावं? पदर सारखा केला, म्हाताऱ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "बेवकाशा." या, जा. आमचा नंबर दिला. वर पर्समधला स्टीलचा डबा उघडून त्याच्या हातावर करंजी ठेवली. तो करंजी खात आत गेला.

आजी अशीच. 1963 साली बाविसाव्या वर्षी इथे आली तेव्हा रांगेतला नवा माणूस विचारायचा, "मी हाअखरोन?" म्हणजे शेवटचा कोण? आजीला वाटायचं, तो सांगतोय, मी अखेरचा. काय ही नम्र माणसं, म्हणून ती मान डोलवायची. तो समजायचा की शेवटची हीच, आणि निमूट तिच्या मागे उभा राहायचा. कित्येक वर्षं काम चोख चाललं. ‘सवलानूत’ ऐकून तिला सरकारने काही सवलत दिली असं वाटलं होतं. त्याचा अर्थ धीर धरा. सवलत मिळाली नाही. धीर मात्र भरपूर धरून झाला.

आणि तिथेच माझं डोकं फिरतं. 1962 मध्ये इथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, फर्मान काढलं होतं, बेने इस्रायलांचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी आईची, तिच्या आईची, जमेल तितक्या पिढ्यांची चौकशी करा. आजोबा जेरुसलेमला धरण्याला बसले. 1964 मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं, की हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. आजीला त्यातलं काय आठवतं? "दोन शर्ट इस्त्री करून दिले होते. रस्त्यावर बसायचंच तर चुरगळलेलं नको." परक्यांनी पणजीची चौकशी करायची, आणि लाज वाटायची ती आम्हाला, शर्टाची! हे मी तिला बोलून दाखवलं की ती म्हणते, "आवाज खाली."

असो. एका प्रश्नाला बावीस मिनिटं लागली. म्हातारा तीन चिठ्ठ्या घेऊन बाहेर आला, आजीसमोर थांबला. "करंजी छान होती. पण नातू फार तापट. प्रेशर बघून घ्या."

आजीने घेतलं. स्वतःच्या वेळेत, स्वतःचे थेंब बाजूला ठेवून, डॉक्टरला म्हणाली, "आधी याचं बघा." दीडशे वर पंच्याण्णव. तासभर रांगेत बसवून, वर भांडण करून मोजल्यावर दुसरं काय येणार? पण डॉक्टरने भुवया उचलल्या, तेवढं तिला पुरलं. थेंबांची चिठ्ठी राहिलीच. उद्या पुन्हा जायचंय.

आता माझं भांडण झाकायचं, पण माझं प्रेशर साऱ्या गावाला माहीत. आजीने स्वतः फोन करून सांगितलंय. बेअरशेव्याच्या आत्याला, मासळीवाल्याला, खालच्या मजल्यावरच्या मोरोक्कन बाईला. काल त्या मोरोक्कन बाईने मला जिन्यात थांबवून दोन्ही गाल दाबले आणि लसूण खायला सांगितलं.

रात्री ताटात अळणी वरण बघून मी आवाज चढवला, निदान लोणचं तरी दे. आजी उठली. आधी जाऊन खिडकी लावली.